पिकअपचे टायर: कंपनीचा साइज की एक पायरी मोठा?

समजा गाडीला मूळ टायर २६५/७० आर १७ (रुंदी २६५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ७० टक्के, रिम १७ इंची) आहेत आणि मनात २८५/७० आर १७ भरलेत. रिम तोच, पण टायरचा व्यास साधारण ८०३ मिलिमीटरवरून ८३१ वर जातो, म्हणजे साडेतीन टक्के वाढ.

दिसायला गाडी एकदम रुबाबदार होते, यात वाद नाही. जमिनीपासूनची उंची मात्र वाढते फक्त १४ मिलिमीटर, कारण व्यासाचा अर्धाच भाग चाकाच्या मध्याखाली असतो. खडकाळ वाटेवर तेवढंही कामी येतं.

खरी गोम गिअरिंगमध्ये आहे. मोठं चाक एका फेरीत जास्त अंतर कापतं, त्यामुळे ३.७३ गुणोत्तराचा डिफरन्शियल (चाकांना ताकद देणारा शेवटचा गिअर) ३.६० असल्यासारखा वागतो, म्हणजे चाकाला मिळणारा जोर कमी होतो. रिकाम्या गाडीत फारसं जाणवणार नाही. माल भरून घाट चढताना गिअर लवकर उतरवावा लागेल. शिवाय टायर जड, म्हणून ब्रेकवरही ताण.

मीटर आधी अचूक असेल, तर १०० दाखवताना गाडी १०३.५ ने धावत असते. किलोमीटरही कमी मोजले जातात, म्हणून मायलेज आहे त्याहून वाईट दिसतं! (खरोखरही थोडं घटतंच.)

पूर्ण स्टिअरिंग वळवल्यावर टायर लायनरला (चाकावरच्या कमानीतल्या अस्तराला) घासतो का, हे आधी तपासा. स्टेपनीही त्याच साइजची हवी, विशेषतः फोर-व्हील ड्राइव्हमध्ये.

रोज ओझं वाहायचं असेल तर मी मूळ साइजच ठेवेन. सुट्टीत चिखल-दगड तुडवायचे असतील, तर मोठे घ्या आणि मीटर कॅलिब्रेट करून घ्या.