चवथीच्या रात्री कोसळलेला कुत्रा आणि दहा रुपयांची नोंदणी

गेल्या चतुर्थीला आम्ही गोव्यातील म्हापशाहून सत्तरी तालुक्यातल्या मूळ घरी गेलो, तेव्हा आमचा १३ वर्षांचा कुत्रा तांबूही सोबत होता. रात्रीची आरती आटोपून पाने मांडली जात असताना तो अंगणातून पडवीकडे येता येता एकाएकी कोसळला. उठू लागला की तो डाव्या अंगावर लोळत होता, मान डावीकडे तिरकी झाली होती, तोंडातून लाळ गळत होती आणि डोळ्यांची बुबुळे क्षणभरही न थांबता डावीउजवीकडे हलत होती. दोनदा उलटीही झाली. घरातल्या सगळ्यांनी अर्धांगवायूच म्हटला, आणि माझ्या मनाने तर तो तासाभरात जाणार हेच धरून घेतले.

त्या अवस्थेत मी मोबाइलच्या नकाशावर जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना शोधला. दवाखान्याचे नाव खरे होते, फलकाचे छायाचित्र खरे होते, लोकांचे चांगले अभिप्रायही होते. खोटा होता तो फक्त दूरध्वनी क्रमांक. नकाशावरच्या माहितीत कुणीही बदल सुचवू शकतो आणि फसवणारे तिथे स्वतःचा क्रमांक घालून ठेवतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

पलीकडचा माणूस हिंदीत, अतिशय आपुलकीने बोलला. डॉक्टर अर्ध्या तासात घरी येतील, पण त्याआधी दहा रुपये भरून नोंदणी करावी लागेल, असे सांगून त्याने व्हॉट्सॲपवर नोंदणी अर्ज म्हणून एक फाइल पाठवली. ती फाइल म्हणजे अर्ज नव्हता, ते एक ॲप होते. मी ते उतरवून घेतले, मागितलेल्या सगळ्या परवानग्या दिल्या आणि दहा रुपयांसाठी यूपीआयचा पिन त्यातच भरला. त्यानंतर वीस मिनिटे त्याने मला फोन ठेवू दिला नाही. गाडी निघाली आहे, तुम्ही लाइनवर राहा, असे तो सांगत राहिला. आधी २४,००० आणि मग १४,५०० रुपये खात्यातून गेल्याचे मला कळले तेव्हा त्याचा फोन बंद झालेला होता.

आज तो संवाद आठवताना सर्वाधिक खटकते ते हे, की त्याने तांबूविषयी एकही प्रश्न विचारला नाही. वय किती, वजन किती, केव्हापासून असे होते आहे, काय खाल्ले, अंगावर गोचिड्या आहेत का, कान दुखतो का, यांतले काहीच नाही. खरा पशुवैद्य पैशांआधी हेच विचारतो.

आणि तो खरा पशुवैद्य शंभर पावलांवरून मिळाला. शेजारच्या वहिनींकडे दुभत्या गायी आहेत. आमचा गोंधळ ऐकून त्या आल्या आणि त्यांनी गायींना तपासणाऱ्या डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरांनी वरचे सगळे प्रश्न विचारले, बुबुळांच्या हालचालीचा व्हिडिओ मागवून घेतला आणि सांगितले की म्हाताऱ्या कुत्र्यांत आतल्या कानातील तोल सांभाळणारी यंत्रणा अशी अचानक बिघडते, दिसायला ती अर्धांगवायूसारखीच दिसते, पण बहुतेक कुत्री दोनतीन दिवसांत सावरू लागतात. कानातला संसर्ग किंवा मेंदूचा विकार नाही ना, हे मात्र प्रत्यक्ष तपासूनच ठरवावे लागते, म्हणून सकाळी आणायला सांगितले. तोवर त्याला जाड गोधडीवर निजवायचे, पायऱ्यांपासून दूर ठेवायचे, दिवा चालू ठेवायचा, पाणी थोडे थोडे पाजायचे आणि माणसांची वेदनाशामक गोळी मुळीच द्यायची नाही, कारण आयबुप्रोफेनसारखी गोळी कुत्र्याला विषारी ठरू शकते. रात्रभर मी त्याची मान मांडीवर घेऊन बसलो होतो. पंचमीच्या सकाळी तपासणीत कान स्वच्छ निघाला आणि चौथ्या दिवशी तांबू भिंतीला टेकत टेकत का होईना, स्वतः चालला.

पैशांचे सांगतो. वहिनींच्या मुलाने माझा मोबाइल इंटरनेटपासून तोडला आणि त्याच्या फोनवरून आम्ही १९३० या सायबर फसवणुकीसाठीच्या राष्ट्रीय मदत क्रमांकावर व बँकेला कळवले. तिसऱ्या व्यवहाराचा प्रयत्न त्यामुळे अडला. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाने असे ठरवले होते की ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे गेलेली रक्कम बँकेला कळवेपर्यंत ग्राहकाचीच बुडते, कळवल्यानंतरचे नुकसान बँकेवर येते. म्हणजे रडत किंवा स्वतःला दोष देत घालवलेल्या प्रत्येक मिनिटाची किंमत आपणच मोजतो. लाजेपोटी मी हे कळवणे सकाळवर ढकलणार होतो, हे येथे मुद्दाम लिहितो. पुढे रायबंदरच्या सायबर पोलीस ठाण्यात तक्रार दिली. ११,२०० रुपये एका खात्यात गोठवले गेले आहेत, हाती अजून काही आलेले नाही.

घरी कुत्रा असलेल्यांनी आपल्या पशुवैद्याचा आणि तो नसेल तेव्हा चालेल अशा दुसऱ्याचा क्रमांक, स्वतः दवाखान्यात जाऊन घेतलेला, आजच कागदावर लिहून भिंतीला लावावा. गावी जाताना तिथल्या गुरे पाळणाऱ्या घरांतून तिथलाही विचारून घ्यावा. नकाशावरच्या त्या दवाखान्याच्या डॉक्टरांना मी भेटलो, तेव्हा त्यांना या प्रकाराचा पत्ताही नव्हता. त्यांनी क्रमांक दुरुस्त करून घेतला. परवा मी पुन्हा पाहिले, तर तिथे तिसराच क्रमांक होता.