पितळी पातेलं, सहा महिने वापरल्यानंतर: गौरी-गणपती ते संक्रांत

गेल्या जुलैअखेरीस नाशिकच्या भांडी बाजारातून आम्ही पंधरा लिटरचं, कल्हई केलेलं पितळी पातेलं घेतलं. घेतल्यावर लगेच लिहायचं नाही, एक पूर्ण सणांचा हंगाम जाऊ द्यायचा आणि मग लिहायचं, असं तेव्हाच ठरवलं होतं. आता संक्रांतीचं हळदीकुंकूही आटोपलंय. जे चांगलं वाटलं ते आणि जिथे हात पोळले ते, दोन्ही सांगते.

आम्ही ठाण्यात राहतो. एरवी घरात दोघंच. एवढ्या मोठ्या भांड्याची गरज पडली ती सासूबाईंच्या एका वाक्याने. "माझ्या गुडघ्यांनी आता होत नाही गं, यंदा गणपती तुमच्याकडे बसवा." आमचा गणपती गौरींबरोबर जाणारा. म्हणजे २७ ऑगस्टला गणपती, १ सप्टेंबरला गौरीजेवण, आणि जेवायला दोन्हीकडचे मिळून अठ्ठावीस जण. घरातलं सगळ्यात मोठं भांडं होतं पाच लिटरचं स्टीलचं. केटरर सांगावा असंही एकदा बोलणं झालं. पण गौरीच्या नैवेद्याचं बाहेरून आणायचं हे दोघांच्याही मनाला पटेना.

नाशिकला नवऱ्याची मावशी राहते. ती आम्हाला दुकानात घेऊन गेली. पितळी भांडं वजनावर मिळतं. आमचं भरलं पाच किलो सातशे ग्रॅम, आणि कल्हईसकट सहा हजारांच्या आत-बाहेर पैसे गेले. मावशींनी दुकानात एकच गोष्ट केली. पातेलं पालथं घालून बुडाला बोटाच्या पेराने टकटक केलं, मग तेच काठाला केलं. "बूड जाड हवं. काठ जाड आणि बूड पातळ असेल तर नुसतं वजनाचे पैसे जातात." तुम्ही घ्यायला गेलात तर हे जरूर करा.

पहिला मोठा स्वयंपाक गौरीजेवणाचा. अडीच किलो तांदळाचा तोंडली घातलेला मसालेभात. इतका भात मी आयुष्यात कधी केला नव्हता आणि आदल्या रात्री मला झोप नव्हती. स्टीलच्या मोठ्या भांड्यात काय होतं ते माहीत होतं: मधोमध जिथे ज्योत लागते तिथे खाली धरतं आणि कडेचा दाणा कच्चा राहतो. पितळेत उष्णता स्टीलपेक्षा साधारण सात पटीने चांगली पसरते, त्यामुळे नुसतं मध्येच तापत नाही, सगळं बूड एकसारखं तापतं. घरच्या साध्या शेगडीच्या मोठ्या बर्नरवर, उकळी आल्यावर आच बारीक करून, वर झाकणात पाणी ठेवून भात केला. झाकण काढलं तेव्हा कडेचा दाणा आणि मधला दाणा सारखाच मोकळा होता. सासूबाई काठीचा आधार घेत ओट्याशी आल्या, एक शीत दोन बोटांत चेपलं आणि काही न बोलता देवापाशी पान वाढायला गेल्या. मला तेवढं पुरे होतं.

आता उचलण्याचं. भरलेलं पातेलं वीस किलोच्या आसपास जातं. त्याला कान नाहीत, कड्या नाहीत, नुसता दुमडलेला काठ. एका माणसाच्या सांडशीने ते उचलता येत नाही, उचलूही नये. दोन जाड फडकी, दोन माणसं, आणि एकमेकांच्या तोंडाकडे बघून "हं, उचल" म्हणायचं. लग्नाला आठ वर्षं झाली आमच्या. या आठ वर्षांतला प्रत्येक सण असा गेला की मी ओट्याशी आणि नवरा दिवाणखान्यात पाहुण्यांपाशी. त्यालाही ते आवडत नव्हतं, पण आत येऊन करायचं काय हे त्याला कळत नसे आणि मला सांगत बसायला वेळ नसे. यंदा दर अर्ध्या तासाने पातेलं हलवायला तो लागायचाच. मग तो आतच थांबायला लागला. नारळ खवला, काजू परतले, पंगतीत भाताची मूद पाडायला तोच बसला. त्याच्यामागून त्याचा चुलतभाऊ आत आला, मग माझी वहिनी. अठ्ठावीस माणसांतली निम्मी माणसं स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून गप्पा मारत होती. मला हा सण असाच हवा होता, इतकी वर्षं.

दसरा साधाच गेला. ६ ऑक्टोबरला कोजागिरी. सोसायटीच्या गच्चीवर दरवर्षी मसाला दूध असतं, यंदा दुधाची जबाबदारी आम्ही मागून घेतली. दहा लिटर म्हशीचं दूध. मंद आचेवर दीड-दोन तास आटवलं, दोघंही आलटून पालटून ढवळत होतो. केशर, वेलची, जायफळ, चारोळी. गेल्या वर्षी दुसऱ्या घरच्या स्टीलच्या भांड्यात दूध खाली लागलं होतं आणि सगळ्या दुधाला धुरकट वास आला होता. यंदा बुडाला फक्त बदामी रंगाची खरवड धरली, तीही गोड. ग्लास भरून झाल्यावर गच्चीतल्या पोरांनी पातेल्याला वेढाच घातला. चार डोकी आत वाकलेली, आणि स्टीलच्या चमच्यांचा खरखर आवाज. त्या आनंदात मी त्यांना थांबवलं नाही. घरी आल्यावर दिव्याखाली पाहिलं तर पांढऱ्याशुभ्र कल्हईवर बारीक बारीक चरे उठले होते. पितळी भांडं घरात आलं की धातूचा चमचा त्याच्या आत जाता कामा नये. लाकडी कालथा, लाकडी डाव, बस्स.

दिवाळीत त्याहून मोठी चूक झाली. ही नीट सांगते, कारण दुकानात हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

कल्हई म्हणजे कथलाचा पातळ थर. कथील २३२ अंशांना वितळतं. पातेल्यात पाणी, दूध, भात असं काही ओलं असलं की तापमान तिथवर जातच नाही, म्हणून कल्हई टिकते. भांडं कोरडं किंवा रिकामं तापलं की मात्र ती जागा सोडते. आम्ही चिवड्याचे पातळ पोहे भाजायला तेच पातेलं घेतलं, कारण एका वेळी दीड किलो पोहे मावत होते. पहिला घाणा कागदावर ओतला, पातेलं पुन्हा गॅसवर ठेवलं आणि दुसरे पोहे निवडून आणेपर्यंत फोन आला. तीन-चार मिनिटं. परत आले तर तळाशी पाऱ्यासारखे थेंब गोळा होऊन थरथरत होते आणि मधोमध तळहाताएवढं पिवळं पितळ उघडं पडलं होतं. घाईने गॅस बंद केला, निवल्यावर ते मणी काढून टाकले, भांडं घासलं. उरलेली कल्हई चांगली दिसत होती, तेव्हा एवढ्याशा डागाने काय होणार असं आम्हाला वाटलं.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज. माझा भाऊ, दोन्ही नणंदा, त्यांची मुलं, अठरा जण. पुलाव दुसऱ्या भांड्यात आणि ताकाची कढी या पातेल्यात. कढी करून झाली आणि ओवाळणी संपेपर्यंत तासभर तशीच पातेल्यात राहिली. वाढायला घेतली तेव्हा कडेला हिरवट झाक दिसली. वास नाण्यासारखा. सासूबाईंनी तळहातावर थेंबभर घेऊन जिभेला लावली आणि तोंड फिरवलं. "कळकली. कोणाच्या पानात जाऊ देऊ नका." पाच लिटर कढी मोरीत गेली. पोरं पानावर बसलेली. नणंद उठून म्हणाली, "वहिनी, दही आहे ना? मी कोशिंबीर करते," आणि तिच्या नवऱ्याने काकड्या सोलायला घेतल्या. जेवण झालं, हसूनखेळून झालं, पण त्या रात्री मला राहून राहून भीती वाटत होती. लहान मुलांच्या पानात ती गेली असती तर?

म्हणून कळकळीने सांगते. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आंबट पदार्थ, म्हणजे ताक, चिंच, कोकम, टोमॅटो, लिंबू, उघड्या पितळेला लागला की ते धातू पदार्थात उतरतात. असं अन्न पोटात गेलं तर उलट्या-मळमळ होऊ शकते. कल्हई नखभर जरी गेलेली दिसली तरी ते भांडं स्वयंपाकातून बाजूला काढायचं. आणि कल्हई उत्तम असली तरी आंबट पदार्थ त्यात करून ठेवायचा नाही, झाल्याबरोबर स्टीलमध्ये काढायचा. आता आम्ही आंबट काही त्यात करतच नाही.

मग कल्हईवाल्याचा शोध. हा या भांड्याचा सगळ्यात मोठा तोटा. लहानपणी दारावर "कल्हईऽऽय" अशी हाक यायची, आता शहरात माणूस शोधावा लागतो. आम्ही तीन आठवडे विचारत होतो. शेवटी बाजारातल्या एका भांड्यांच्या दुकानदाराने नंबर दिला आणि चंपाषष्ठीच्या आधीच्या रविवारी एक काका सोसायटीच्या आवारात येऊन बसले. कोळशाची छोटी भट्टी, हाताने फिरवायचा पंखा. पातेलं आधी घासून लख्ख केलं, मग भट्टीवर फिरवत तापवलं. आत नवसागराची पूड टाकली तसा पांढरा धूर उठला. कथलाची कांडी तापलेल्या पितळेला टेकवली, ती लोण्यासारखी उतरली, आणि काकांनी कापसाच्या बोळ्याने एका दमात, गोल फिरवत, तळापासून काठापर्यंत ती चढवली. पिवळं पितळ डोळ्यांदेखत चांदीसारखं झालं. मग गार पाण्यात चर्र. सगळं मिळून वीस मिनिटं. सहाशे रुपये घेतले, मला ते कमीच वाटले. खाली जमलेल्या मुलांनी आयुष्यात पहिल्यांदा कल्हई पाहिली आणि दोन शेजारणी धावत जाऊन माळ्यावरची भांडी घेऊन आल्या. एक सांभाळा: कल्हई शुद्ध कथलाचीच हवी, शिसं मिसळलेली अजिबात नको. समोर उभं राहून करून घ्या आणि कांडी कसली आहे ते विचारा. चांगल्या कारागिराला त्याचा राग येत नाही.

घासण्याबद्दल थोडंसं. बाहेरून चिंच-मीठ किंवा पितांबरी, आतून फक्त मऊ फडकं आणि भांड्यांचा साबण. तारेची घासणी आत कधीच नाही. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी साताऱ्याकडच्या, त्यांनीच हे शिकवलं. जेवणावळीनंतर गरम पाणी घालून अर्धा तास ठेवलं की चिकटलेलं आपसूक सुटतं.

डिसेंबरात पातेल्याने सगळ्यांत सुंदर काम केलं. माझी ऑफिसातली मैत्रीण गोव्याची, सासष्टीतली. यंदा नाताळला तिला घरी जाता येत नव्हतं आणि तिला दोदोल करायचा होता. तांदळाचं पीठ, नारळाचं दूध, माडाचा काळा गूळ, आणि तासन् तास ढवळणं. तिच्या आईने फोनवर पहिलं काय विचारलं, तर "भांडं जाड आहे ना?" २१ डिसेंबरच्या रविवारी आम्ही दोघं, ती आणि तिचा नवरा असे चौघं पातेल्याशी उभे राहिलो. पहिला तासभर पातळ, पिठल्यासारखं. दुसऱ्या तासात कालथा जड होत गेला, हात भरून यायला लागले, दर दहा मिनिटांनी माणूस बदलायचा. तिसऱ्या तासात तो काळा, चकचकीत गोळा पातेल्याच्या कडा सोडायला लागला आणि नारळाचं तेल वर दिसू लागलं. मैत्रीण व्हिडिओवर आईला दाखवत होती. आई म्हणाली, "आणखी दहा मिनिटं, कडेकडेने." खाली किंचितही करपलं नव्हतं. ताटात थापून गार केलेला दोदोल तिने नाताळच्या सकाळी आमच्या घरी आणून दिला तेव्हा तिचे डोळे भरले होते, आणि माझेही.

इथेच एक उणीव मात्र लक्षात आली. पातेलं खोल आहे, त्यामुळे ढवळताना कोपर काठाला लागतं आणि भाजतं. नवऱ्याच्या हातावर अजून डाग आहे. भात, दूध, आमटी यांना खोल पातेलं ठीक. पण हलवा, दोदोल, शिरा असं ढवळायचं काम जास्त असेल तर पसरट लंगडी घ्यावी, आणि कड्या असलेली घ्यावी. मला आता निवडायला सांगितलं तर मी बारा लिटरची कड्यांची लंगडीच घेईन.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला पुन्हा मसाला दूध केलं. तक्रार काही नाही.

घ्यावं का? घरी वर्षातून चार-पाच वेळा वीसच्या वर माणसं जेवत असतील, पातेलं उचलायला दुसरं माणूस हक्काने येत असेल, आणि कल्हई करणारा तुमच्या गावात असेल, तर नक्की घ्या. रोजच्या दोघा-चौघांच्या स्वयंपाकासाठी घेऊ नका. ते जड आहे, जागा अडवतं, आणि नुसतं पडून राहिलं की काळवंडतं. ज्यांच्याकडे जेवणात आंबटच जास्त असतं त्यांनीही विचार करावा.

यंदा पाडवा १९ मार्चला आहे. कल्हईवाल्या काकांना त्याच्या आधीच्या रविवारी बोलावलंय. या वेळी आमच्या पातेल्याबरोबर सासूबाईंच्या माळ्यावरचा बंब आणि दोन तपेलीही खाली निघणार आहेत, आणि धाकट्या नणंदेने तिची परात आधीच आमच्याकडे आणून ठेवली आहे.