मांडवी एक्स्प्रेस, कणकवली ते ठाणे: लेकीला कॉलेजला सोडायला निघालात तर दिवसाचीच गाडी घ्या

तीन वर्षांपूर्वी मुलाला पुण्याला सोडायला खासगी स्लीपर बसने गेलो होतो. वरचा बर्थ त्याचा, खालचा माझा, मध्ये पडदा. पहाटे चारला ठरलेल्या थांब्याच्या बऱ्याच अलीकडे हायवेवर उतरवलं. बॅगा ओढत रिक्षा शोधण्यातच वेळ गेला, आणि त्याला जे सांगायचं होतं ते राहूनच गेलं. अजूनही फोनवर आमचं 'बरा मा?' 'हां, बरा' एवढंच होतं.

म्हणून यंदा लेकीच्या वेळी हट्टाने मांडवी घेतली. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, पण प्रवेशाची यादी लागते आयत्या वेळी, त्यामुळे तत्काळनेच तिकीट काढावं लागलं. स्लीपर घ्या. बॅगा बर्थखाली जातात आणि खिडकीशी समोरासमोर बसता येतं. पावसाळी वेळापत्रकात गाड्या सावकाश जातात, क्रॉसिंगलाही थांबतात. मला तर तो वेळ हवाच होता.

राजापूरपर्यंत दोघंही गप्प. माझी भात गिरण आहे, दिवसभर पट्ट्याच्या आवाजात राहून मला बोलायची सवयच नाही. गाडीतल्या खाण्याचं नाव ऐकून होतो, कटलेट घेतलं, गरम होतं. मग तिने आईने दिलेला डबा उघडला. घावणे आणि ओल्या खोबऱ्याची चटणी. चार घावणे होते, दोन माझ्याकडे सरकवले आणि म्हणाली, "बाबा, तुमी रोज 'जेवलंस काय' इतक्याच इचारतास आणि फोन ठेवतास. तेच्यापेक्षा गिरणीत काय झाला ता सांगा."

मला वाटायचं, तिला गिरणीत काय रस असणार! मग सांगत गेलो. कोणाचं भात ओलं निघालं, मोटर कशी जळली, तिच्या फीसाठी कुठून काय जमवलं. हे शेवटचं घरी कधी सांगितलं नसतं. 64 मीटर उंचीच्या पानवलच्या पुलावर ती खाली दरीत बघत होती, आणि तिथेच म्हणाली, "माका भीती वाटता." पुलाची नव्हे, हॉस्टेलची. मी समजावायला गेलो नाही. "माका पण वाटता," एवढंच म्हटलं.

रत्नागिरी सुटल्यावर तिला आईचा फोन आला. मेतकूट कुठल्या कप्प्यात, उशीची खोळ कुठे, असं चाललं होतं. भोके स्टेशन गेलं आणि करबुड्याचा बोगदा लागला. साडेसहा किलोमीटरचा आहे तो, कोकण रेल्वेवरचा सगळ्यात लांब. रेंज गेली. फोन तुटला होता, मला समोरून दिसत होतं, पण तिने तो कानावरून काढला नाही. "होय गे आये... होय," म्हणत राहिली आणि डोळे वाहत होते. मी पाण्याची बाटली पुढे केली. बोगदा संपून उक्षीला उजेड आला तेव्हा तिने तोंड धुतलं आणि आईला परत फोन लावला. यावेळी खोळीचं काही बोलली नाही, "तुझी आठवण येतली" असं सरळ म्हणाली. आमच्या घरात असं कोणी म्हणत नाही.

ठाण्याला पोचेपर्यंत रात्र होते, तेव्हा त्याच रात्री हॉस्टेल गाठायचं ठरवू नका. आम्ही माझ्या बहिणीकडे राहिलो, सकाळी निवांत गेलो. सोबत मोठं माणूस एकच असू द्या. चार नातेवाईक आले की मूल मनातलं बोलत नाही.

पाचपैकी पाच गुण. मुलालाही दिवाळीनंतर सोडायला याच गाडीने ठाण्यापर्यंत जाणार आहे, पुढे पुण्याला कसंही जाऊ.

परतीला एकटाच होतो, गाडी हीच. उक्षी येताना तिचा मेसेज आला, "बोगदो इलो काय?" 'इलो' लिहीपर्यंत रेंज गेली. भोक्याला उजेडात आल्यावर गेला तो.