बोटाला लागलेलं तेल आणि साडेसत्तावीस हजार

माझी गाडी 2011 ची डिझेल स्विफ्ट. हे घडलं तेव्हा मीटरवर 1,62,000 किलोमीटर होते. आई आणि आत्याला घेऊन पुण्याहून कऱ्हाडला निघालो होतो, भाचीचा साखरपुडा होता. खंबाटकीच्या अर्ध्या घाटात गाडीनं दम सोडला. ॲक्सिलरेटर तळाला टेकलाय, पण गाडी दुसऱ्या गिअरमध्ये कशीबशी रांगतेय, मागे काळा धूर, आणि बॉनेटखालून सायकलच्या ट्यूबमधून हवा सुटावी तसा फुस्स आवाज. हा आवाज लक्षात ठेवा. मी ठेवला नाही.

घाट उतरल्यावर रस्त्याकडेला एक गॅरेज दिसलं. मालक तरुण, बोलायला गोड. आईला खुर्ची दिली, पाणी दिलं. पोरानं स्कॅनर लावला, स्क्रीनवर टर्बोचा, म्हणजे इंजिनात दाबानं जादा हवा ढकलणाऱ्या पंख्याचा, दाब कमी असल्याचा कोड आला. मालकानं एअर फिल्टरकडचा पाइप सोडला, आत बोट फिरवलं आणि माझ्यासमोर धरलं. बोट तेलानं काळं. "साहेब, टर्बो ऑइल फेकतोय." मग माझाच हात धरून टर्बोच्या पात्यावर ठेवला. "हलवून बघा." हलवलं, तर खरंच बाजूला थोडं हललं. "असाच चालवला तर पातं तुटून इंजिनात जाईल, मग लाखाचं काम. मी पैशासाठी नाही सांगत, सोबत म्हातारी माणसं आहेत म्हणून सांगतो."

रिकंडिशन, म्हणजे जुनाच दुरुस्त केलेला टर्बो 22,000, ऑइल, फिल्टर, गॅस्केट आणि मजुरी 5,500. दोन दिवस लागणार, कारण सामान पुण्याहून येणार. संध्याकाळी साखरपुडा. आम्ही एसटीनं कऱ्हाड गाठलं आणि गाडी दोन दिवस त्याच्या ताब्यात राहिली. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, "देतो की, पण जीएसटी वर लागेल." मी हसून मान डोलवली. शहाणपणा केल्यासारखं वाटलं होतं तेव्हा. 15,000 यूपीआयनं दिले, तेही भलत्याच कुणाच्या नावावर, आणि 12,500 रोख. हातात आला वहीचा फाडलेला कागद.

गाडी मात्र मस्त पळायला लागली. बॉनेट उघडून टर्बो दाखवला, चंदेरी, नवाकोरा. पहिले दोन दिवस गाडीत रंग जळल्याचा वास यायचा. नवीन पार्ट तापतोय, असं मीच बायकोला समजावलं.

दीड महिना गेला. चिपळूणहून कऱ्हाडला येताना कुंभार्ली घाटात पुन्हा तेच. काळा धूर, फुस्स, गाडी रांगायला लागली. कशीबशी कोयनेपर्यंत आणली, तिथून सपाटीला हळूहळू कऱ्हाड. कऱ्हाडात आमचे जुने मिस्त्री आहेत, वडिलांच्या काळापासूनचे. त्यांनी स्कॅनर लावला नाही. मला म्हणाले, "आत बस आणि रेस दे." आणि स्वतः टर्बोकडून इंटरकूलरकडे, म्हणजे दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीकडे, जाणाऱ्या रबरी होज पाइपवर खालून हात फिरवत गेले. अर्ध्या मिनिटात, "हं, बंद कर."

पाइपला खालच्या बाजूनं बोटभर चीर होती. आणि त्या चिरेवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून बाइंडिंग वायरनं आवळलेला, वर काळी टेप. टेप सुटली होती, वायर सैल पडली होती. म्हणजे त्या गॅरेजवाल्याला पहिल्याच दिवशी खरा बिघाड सापडला होता. त्यानं तो ट्यूबच्या तुकड्यानं झाकला आणि पैसे टर्बोचे घेतले.

"काका, पण टर्बो नवीन बसवलाय," मी म्हणालो.

"कुठला टर्बो?" त्यांनी टॉर्च मारला. टर्बो मॅनिफोल्डला धरणारे नट गंजून घट्ट बसलेले, एकाही नटाच्या कडेला पाना लागल्याची चकाकी नाही. ऑइलच्या पाइपचा बोल्ट, त्याखालची तांब्याची वॉशर, सगळं 2011 चं. वरून फक्त चंदेरी स्प्रे मारलेला, आणि तो एक्झॉस्टकडच्या गरम बाजूला जळून तपकिरी झालेला. तो वास त्याचा होता.

नवीन होज पाइप आणि दोन क्लिपा 1,450 रुपये. काकांनी मजुरी घ्यायला नकार दिला. उलट चहा पाजला आणि तासभर माझी शाळा घेतली. त्यातलं जेवढं डोक्यात राहिलं ते सांगतो, कारण मला फसवणाऱ्यानं खोटी वस्तू एकही दाखवली नव्हती. दाखवलेलं सगळं खरं होतं, अर्थ तेवढा खोटा.

पाइपात तेल असतंच. इंजिनाच्या पोटातली वाफ ब्रीदर नावाच्या नळीतून टर्बोच्या आधीच्या पाइपात सोडलेली असते, तिच्याबरोबर तेलाचा पातळ थर येतो. दीड लाख चाललेल्या कुठल्याही डिझेल गाडीत बोट घाला, काळं होऊनच बाहेर येईल. पाइपात तेलाचं थारोळं साचलं असेल, डिपस्टिकवरचं ऑइल भराभर उतरत असेल आणि धूर निळसर असेल, तर टर्बोवर संशय घ्यायचा. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त, हवा कमी. पाइप फाटल्यावर हवा वाटेतच निसटते, मग धूर काळाच येणार. पात्याचंही तसंच. टर्बोचा दांडा तेलाच्या थरावर तरंगत फिरतो. इंजिन बंद असताना तो बाजूला किंचित हलणारच, तशीच त्याची रचना आहे. तो आत-बाहेर हलायला नको आणि पातं घराला घासायला नको. आणि स्कॅनर? तो म्हणाला दाब कमी. ते खरंच होतं. का कमी, हे स्कॅनर सांगत नाही, माणूस सांगतो.

काका म्हणाले, हे इंजिन म्हणजे ठगांची चांदी. 1248 सीसीचं हे फियाटचं मल्टिजेट डिझाइन. मारुतीच्या स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, अर्टिगापासून टाटाच्या इंडिका व्हिस्टापर्यंत कित्येक गाड्यांत तेच. मारुतीनं 2020 मध्ये डिझेल बंद केलं, आता या सगळ्या गाड्यांचं वय झालंय. पार्ट गल्लोगल्ली मिळतात आणि रिकंडिशनच्या नावाखाली काहीही खपतं. माझ्या ऑफिसातल्या एकाकडून तर या इंजिनाचा टायमिंग बेल्ट बदलल्याचे पैसे घेतले होते. या इंजिनात बेल्ट नसतो, चेन असते. त्यानं तो किस्सा सांगितला तेव्हा मी पोट धरून हसलो होतो.

इंजेक्टरचा, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या पार्टचा, धंदा याहून मोठा. सकाळी गाडी लवकर स्टार्ट होत नाही म्हटलं की चारही इंजेक्टर गेले, चाळीस हजार. आमच्या सोसायटीतल्या एका काकूंच्या गाडीला डिझेल फिल्टरजवळची क्लिप सैल होती, तिथून हवा ओढली जायची. फिल्टरनंतर वीतभर पारदर्शक नळी जोडली की बुडबुडे डोळ्यांना दिसतात. इंजेक्टरचा संशय असेलच तर उरलेलं डिझेल परत नेणाऱ्या चारही रिटर्न नळ्या चार छोट्या बाटल्यांत सोडून इंजिन आयडलवर चालवायला सांगा. जी बाटली बाकीच्यांच्या मानानं भसाभसा भरते, तो एक इंजेक्टर वाईट. एक, चार नव्हे. एवढी चाचणी करायला जो गॅरेजवाला कुरकुर करतो, तिथून गाडी टो करून नेलेली स्वस्त पडते. आणि गाडी सोडून जायचीच वेळ आली तर इंजेक्टरच्या डोक्यावर आणि टर्बोच्या पट्टीवर कोरलेले नंबर मोबाइलमध्ये टिपून घ्या, मालकाच्या देखत. जुना पार्ट डिकीत टाकून द्यायला आधीच सांगा. मी मागितला तेव्हा "भंगारात गेला" असं उत्तर आलं. कुठून देणार होता? तो तर गाडीलाच होता.

हो, मी परत गेलो होतो त्या घाटाखालच्या गॅरेजवाल्याकडे. त्यानं मला ओळखलं, खुर्ची दिली, पाणीही दिलं. फोटो दाखवले तर म्हणाला, "टर्बोची सहा महिने गॅरंटी आहे ना साहेब? टर्बो चालतोय ना? रबराच्या पाइपची गॅरंटी कोण देतं?" नटांवरच्या गंजाचं विचारलं तर पोराला हाक मारली, आणि ते पोर गावाला गेलेलं निघालं. ग्राहक हेल्पलाइनला, 1915 ला, फोन केला. त्यांनी साधाच प्रश्न विचारला, बिलावर दुकानाचं नाव काय? माझ्याकडे वहीचा कागद. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते. कागद, यूपीआयची पावती, काकांनी लिहून दिलेलं आणि ट्यूबचा तो तुकडा, एवढ्यावर अर्ज लिहायला घेतलाय. वाचवलेला जीएसटी असा अंगाशी आला.

आता मीटरवर 1,74,000 आहेत. परवा ऑइल बदलताना मुद्दाम पाइप सोडून आत बोट घातलं. काळंभोर तेल लागलं. बोट पुसलं, पाइप जोडला आणि त्याच टर्बोवर खंबाटकी चढून आलो.