कर्क्युमिन कॅप्सूल : दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंतचा अनुभव

दिवाळीनंतर सुरू केलेल्या या कॅप्सूल मी जूनमध्ये बंद केल्या. कंपनीचे नाव लिहीत नाही. नाव कोणतेही असो, डबी हातात घेतल्यावर मागची बाजू वाचा, एवढ्यासाठीच हे लिहिते आहे.

कर्क्युमिन म्हणजे हळदीला पिवळा रंग देणारा घटक. माझे एचबीए१सी, म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, ६.२ आले होते. ५.७ ते ६.४ हा मधुमेहाच्या उंबरठ्याचा पट्टा. ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) वाढलेले, बीपीची गोळी आधीपासून चालू. हळदीच्या अर्काने उपाशीपोटीची साखर आणि ट्रायग्लिसराइड थोडे उतरतात असे काही लहान चाचण्यांत दिसले आहे, म्हणून म्हटले घेऊन बघू.

आता डबीबद्दल. समोर ठळक अक्षरांत ‘कर्क्युमिन १५००’. मागे बारीक अक्षरांत कोष्टक, आणि त्यावर ‘प्रति सर्व्हिंग, ३ कॅप्सूल’, म्हणजे आकडे एका कॅप्सूलचे नाहीत, तिन्हींचे मिळून. त्या १५०० मिलिग्रॅममध्ये अर्क ४५०, साधे हळद चूर्ण १०५० आणि वर मिरीचे पाइपरिन १५. अर्क ९५ टक्के शुद्ध धरला तरी कर्क्युमिनॉइड (कर्क्युमिन आणि त्याचे भाईबंद) भरतात ४२७ मिलिग्रॅम. साध्या हळदीत ते साधारण ३ टक्के असतात, म्हणजे चूर्णातून आणखी तीसेक. १०५० मिलिग्रॅम चूर्ण म्हणजे चहाच्या चमच्याचा जेमतेम तिसरा भाग! तेवढी हळद तर आमच्या घरी वरणात रोजच पडते. पुढे कडेला, डबी तिरपी धरल्याशिवाय दिसणार नाही अशा जागी लिहिले आहे : ‘रोज १ ते २ कॅप्सूल’. म्हणजे कंपनीच्या सूचनेप्रमाणे वागणाऱ्या माणसाच्या पोटात समोरचा आकडा कधीच जाणार नाही. दोन कॅप्सूलमध्ये अर्कातून मिळतात २८५ मिलिग्रॅम. ६० कॅप्सूलचे ८९९ रुपये मोजून!

कस्टमर केअरला फोन केला. “मॅडम, सर्व्हिंग साइज तीन आहे.” मग दिवसाला दोनच्या वर घेऊ नका असे तुम्हीच का छापले? “तुमची तक्रार नोंदवून घेतली आहे.” पुन्हा केला, पुन्हा तेच. ईमेललाही तेच उत्तर, फक्त खाली आभार जास्त. कोष्टक एका कॅप्सूलचे छापायला काय जाते? एक ओळ बदलायची आहे. गिऱ्हाईक औषध मोजून घेते, त्याला एका कॅप्सूलमध्ये काय आहे ते कळलेच पाहिजे. यावर मी तडजोड करणार नाही.

डबीवरचा ‘२००० टक्के जास्त शोषण’ हा दावा कुठून आला तेही शोधले. १९९८ साली बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधल्या संशोधकांनी निरोगी माणसांना २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत २० मिलिग्रॅम पाइपरिन दिले, तेव्हा शोषण वीसपट वाढलेले दिसले. नुसते कर्क्युमिन रक्तात जवळजवळ पोचतच नाही, म्हणून हा आकडा एवढा मोठा दिसतो. माझ्या दोन कॅप्सूलमध्ये कर्क्युमिनही त्याच्या सातव्या भागाइतके आणि पाइपरिनही निम्मेच. आकडा मात्र तोच छापलेला.

तरीही मार्चमध्ये हा अनुभव लिहिला असता तर चार तारे दिले असते. एचबीए१सी ५.९ वर आले, ट्रायग्लिसराइडही उतरले. त्याच काळात सकाळी नागपूरच्या अंबाझरी तलावावर फिरणे सुरू झाले होते आणि रात्रीचा भात बंद केला होता, हेही सांगायला हवे. श्रेय कुणाला किती द्यायचे हे त्या रिपोर्टवरून कळत नाही.

मत बदलले ते जूनच्या रिपोर्टने. यकृताला त्रास झाला की वाढणारे एसजीपीटी, जे माझे कायम तिशीच्या आत, ते ७४. धंतोलीतल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “आयुर्वेदिक, हर्बल काही घेता का?” डबी दाखवली. त्यांनी नेमके पाइपरिनवर बोट ठेवले. ते औषधे पचवणारी यकृतातली विकरे (एन्झाइम) मंदावते, त्यामुळे बीपीच्या गोळीसारखी औषधे रक्तात जास्त वेळ राहू शकतात. अमेरिकेतल्या औषधजन्य यकृत-इजेच्या अभ्यासात हळदीमुळे त्रास झालेले १० रुग्ण नोंदले गेले आणि त्यांतल्या ७ जणांत एचएलए-बी*३५:०१ हा जनुकप्रकार सापडला. म्हणजे सगळ्यांना होत नाही, पण ज्याला होते त्याला आधी कळायचा मार्ग नाही. कॅप्सूल बंद केल्यावर पुढच्या तपासणीत एसजीपीटी ३३ वर आले. डॉक्टर म्हणाले, कॅप्सूलमुळेच असे शपथेवर सांगता येणार नाही, पण पुन्हा घेऊ नका.

उरलेली डबी परत करायला दुकानात गेले. मे महिन्यात कॅप्सूल एकमेकींना चिकटून अर्धा गठ्ठा झाला होता. डबीवर ‘३० अंशांखाली ठेवा’ आणि आपल्याकडे मेमध्ये घरातही तेवढे कमी कुठे असते! दुकानदार म्हणाला, “ताई, हे फूडमध्ये येते, औषधात नाही. कंपनीशीच बोला.” डबीवर ‘औषधी वापरासाठी नाही’ असे छापलेलेच असते, नियमांनी ते सक्तीचे आहे. पण नियम पाळला म्हणून समोरचा १५०० खरा होत नाही.

एक तारा. तोही मार्चच्या रिपोर्टसाठी नाही, डबीच्या झाकणाला चांगले सील होते म्हणून.

घरात आता समुद्रपूरकडची वायगाव हळद आणतो. २०१६ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेली, वासानेच ओळखू येते. ती भाजीत, मिरपूड आणि तेलासह, औषध म्हणून नाही. फिरणे चालूच आहे. कॅप्सूलशिवायचे एचबीए१सी दिवाळीच्या आधी करणार आहे, आकडा इथेच खाली टाकते.