बाख, ‘फ्यूर एलिझे’ की ‘मूनलाइट’: आधी कोणता पीस हाती घ्यावा?

ठाण्यात मोठेपणी पियानोकडे वळणाऱ्यांत बरेच जण आधी पेटी शिकलेले भेटतात. उजवा हात तयार, डाव्याने मात्र आजवर फक्त भाता मारलेला. वर्षभराचे धडे संपले की यांना काहीतरी ‘खरं’ वाजवायचं असतं, आणि यादीत हमखास तीन नावं असतात: बाखचा सी मेजर प्रिल्यूड, बीथोव्हनचं ‘फ्यूर एलिझे’ आणि त्याच्याच ‘मूनलाइट’ सोनाटाची पहिली मूव्हमेंट (म्हणजे पहिला भाग). ऐकायला तिन्ही सोपे. निवडताना बहुतेक जण पहिलं पान बघतात, आणि घोळ तिथेच होतो. पीस झेपेल की नाही ते त्यातले सगळ्यात अवघड चार बार (ठरावीक मात्रांचे तुकडे, आपल्या आवर्तनासारखे) सांगतात. ते शोधा आणि अर्ध्या लयीत वाजवून बघा. आठवडाभराने तिथेच अडखळत असाल तर तो पीस सध्या बाजूला ठेवा.

या कसोटीवर सगळ्यात फसवा ठरतो ‘फ्यूर एलिझे’. १८१०चा हा पीस छापला गेला १८६७ मध्ये, बीथोव्हन गेल्यावर चाळीस वर्षांनी. पुढे तो खेळण्यांत आणि रिंगटोनमध्ये जाऊन बसला. सुरुवातीचा भाग महिन्याभरात बसतो, कारण दोन्ही हात एकमेकांकडे सूर सोपवत जातात. डाव्याला एकट्याने फार काही निभवावं लागत नाही. मग एफ मेजरचा भाग येतो आणि उजव्या हाताला एकदम बत्तिसांश सुरांची धावपळ करावी लागते. लोक इथे लय कमी करतात, म्हणजे ऐकणाऱ्याला गाडी स्पीडब्रेकरवर आल्यासारखी वाटते. त्याहून वाईट पुढे आहे: डावा हात एकच ‘ए’ सतत ठोकत राहतो, वर उजव्याचे कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर), आणि शेवटी वर चढत जाऊन काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्यांवरून खाली घसरणारी तान. भाता मारलेल्या मनगटाला हा ‘ए’ दमवतो. पूर्ण वाजवायचा असेल तर पहिल्या ओळीवरून अंदाज बांधू नका.

‘मूनलाइट’ची अडचण वेगळीच. लय संथ, त्यामुळे बोटं कुठेही पळत नाहीत. पण उजव्या हाताची करंगळी गाते आणि त्याच हाताची बाकीची बोटं खाली ट्रिपलेट, म्हणजे तीन-तीन सुरांचे गट, चालू ठेवतात. करंगळी मोठी, बाकी सगळं हलकं. पेटीवर या कौशल्याची गरजच पडत नाही, कारण तिथे आवाज लहानमोठा होतो तो भात्याने, बोटाच्या दाबाने नाही. सी शार्प मायनर म्हणजे काळी एकचा सा, म्हणून पेटीवाल्यांना पट्टी ओळखीची वाटते, पण नोटेशनमध्ये चार शार्प (सूर अर्धा वर चढवणाऱ्या खुणा) सांभाळत वाचताना तो आपलेपणा टिकत नाही. डाव्याला बहुतेक वेळ ऑक्टेव्ह आहेत, म्हणजे एक सूर आणि आठव्या पट्टीवरचा तोच सूर एकदम. पियानोच्या आठ पांढऱ्या पट्ट्या मिळून जवळपास १९ सेंटीमीटर भरतात. हात लहान असेल तर हे आधी मोजून घ्या.

शिवाय वाद्याचा प्रश्न आहेच. घरी ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड असेल तर ‘मूनलाइट’ दुसऱ्याच बारला अडतो: डावा हात ज्या ‘बी’वर उतरतो तो अशा कीबोर्डच्या पहिल्या ‘सी’च्याही खाली आहे. सूर लांबवणारं पेडल नसेल तर उरलेलंही कोरडं वाजतं. उलट १७२२च्या संग्रहातला बाखचा प्रिल्यूड त्याच कीबोर्डवर पुरता मावतो. त्याचा सगळ्यात खालचा सूर नेमका तो पहिला ‘सी’च आहे, आणि बाखच्या काळातल्या हार्पसिकॉर्डला (पियानोआधीच्या पट्ट्यांच्या वाद्याला) असं पेडल नव्हतंच. ३५ बार, शेवटचे तीन सोडले तर एकच आकृती: डावा दोन सूर धरतो, उजवा तीन वाजवतो. अवघड काय? सगळे सूर सारख्या वजनाने पडणं, आणि एकाच सुराने बदलणारे कॉर्ड पाठ ठेवणं. तरीही डाव्या हाताला कामाला लावण्यासाठी मी हाच आधी सुचवेन. लोक त्याला ‘एक्सरसाइजसारखा’ म्हणतात ते मला पटत नाही. नीट वाजवला तर सोसायटीच्या हॉलमध्येही माणसं गप्प होतात.

८८ वजनदार पट्ट्यांचा डिजिटल पियानो आणि पेडल असेल, ऑक्टेव्ह आरामात पुरत असेल, तर बाखनंतर ‘मूनलाइट’ घ्या. घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये रात्री हेडफोन लावून रियाज करणाऱ्याला तो छान जमतो, फक्त अधूनमधून स्पीकरवर ऐका, नाहीतर करंगळी गातेय की नाही हे कळत नाही. ‘एलिझे’ तिघांत शेवटी.

आणि गणपतीतल्या कार्यक्रमाला दोनच महिने उरलेत, घरच्यांना ‘एलिझे’च हवंय, तर फक्त पहिला भाग बसवा. तो ए मायनरवर आपला आपण पूर्ण होतो. तेवढा वाजवून उठलात तरी मध्येच तोडल्यासारखं वाटत नाही.