दोन तासांच्या रेकॉर्डिंगमध्ये नेमक्या वेळेवर जायचंय: व्हीएलसी, फूबार की ऑडॅसिटी?

ठाण्यातल्या आमच्या स्क्रीन रीडरवाल्या, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्या दृष्टिहीन मंडळींत हा प्रश्न सारखा येतो, कारण एमपीएससीवाले असोत की गाण्याच्या क्लासचे, सगळ्यांकडे लांबलचक रेकॉर्डिंगं साठलेली असतात आणि कोणीतरी सांगतं की 1 तास 12 मिनिटांपासून ऐक, कलम 32 तिथे आहे. माऊसवाला पट्टी ओढतो आणि मोकळा होतो, आपल्याला तसं चालत नाही. मी विंडोजवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर वापरतो, त्या हिशोबाने सांगतो. व्हीएलसी आणि फूबार हे प्लेअर आहेत, ऑडॅसिटी हे ऑडिओ संपादनाचं सॉफ्टवेअर.

व्हीएलसीत कंट्रोल टी दाबलं की वेळ टाकायची छोटी खिडकी उघडते, तास, मिनिटं, सेकंद भरायचे, लेफ्ट राइट ॲरोने एका खणातून दुसऱ्यात जाता येतं, मग टॅब करून गो. बस. शिवाय शिफ्टबरोबर ॲरो म्हणजे 3 सेकंद, ऑल्टबरोबर 10 सेकंद, कंट्रोलबरोबर 1 मिनिट, त्यामुळे थोडं मागेपुढे झालं तरी लगेच सावरता येतं. कमी पडतं ते एवढंच की आत्ता आपण कुठे आहोत हे व्हीएलसी आपणहून बोलत नाही, म्हणून एनव्हीडीएचं व्हीएलसीसाठीचं ॲड-ऑन, म्हणजे जोड-सॉफ्टवेअर, टाकून घ्या.

फूबार 2000 चं बरोब्बर उलटं. एनव्हीडीएत त्याच्यासाठी आधीपासूनच सोय आहे, कंट्रोल शिफ्ट ई दाबलं की किती वेळ झाला ते कळतं, कंट्रोल शिफ्ट आर दाबलं की किती उरला, कंट्रोल शिफ्ट टी दाबलं की एकूण लांबी, फक्त स्टेटस बारची, म्हणजे खिडकीच्या तळाच्या माहितीपट्टीची मांडणी बदलू नका नाहीतर हे नीट बोलत नाही. पुढेमागे जायला प्लेबॅक मेनूत सेकंदांपासून 10 मिनिटांपर्यंतच्या उड्या आहेत आणि त्यांना हवे ते शॉर्टकट देता येतात, पण वेळ टाइप करून थेट जायची खिडकी मूळ फूबारमध्ये नाही. रोज सलग ऐकणाऱ्याला मी फूबारच सांगेन, इतकं हलकं आणि शांत काम करतं ते.

ऑडॅसिटी निव्वळ ऐकायला घेऊ नका, मोठी फाइल आत यायलाच वेळ लागतो. पण ज्याला टिपणं काढायचीत त्याच्यासाठी तीच, कारण सिलेक्शनच्या खणात आकडे टाकून स्पेस दाबलं की तिथूनच सुरू होतं, आणि ऐकता ऐकता कंट्रोल एम दाबून लेबल लिहिता येतं, "बंदिशीचा अंतरा" किंवा "कलम 32 सुरू", मग पुढच्या वेळी मिनिटं लक्षात ठेवायची गरजच नाही. गाणं शिकणाऱ्यांनी तर हे करावंच.

एक गोष्ट मात्र कोणी सांगत नाही आणि लोक उगाच सॉफ्टवेअरला दोष देतात. फाइल व्हीबीआर एमपी3, म्हणजे दर सेकंदाला कमीजास्त डेटा असलेली एमपी3, असेल तर तिच्या सुरुवातीच्या नोंदीत कुठली वेळ फाइलीत कुठे आहे याच्या फक्त 100 खुणा असतात, म्हणजे दोन तासांच्या फाइलीत दर 72 सेकंदांना एक, मधलं अंतर अंदाजाने काढलं तर वेळ सरकते, आणि ही नोंदच नसेल तर अजूनच गोंधळ. एम4ए या दुसऱ्या ऑडिओ प्रकारात हा त्रास नाही, सीबीआर, म्हणजे सगळीकडे सारखा डेटा असलेल्या एमपी3 लाही सहसा नाही.

फोनवर, टॉकबॅकने, म्हणजे ॲन्ड्रॉइडच्या स्क्रीन रीडरने, पट्टी सरकवली की साधारण 5 टक्क्यांची उडी बसते, दोन तासांच्या रेकॉर्डिंगमध्ये ती 6 मिनिटं होतात, मग नेमकं वाक्य कुठून सापडणार? ॲन्ड्रॉइडच्या व्हीएलसीत जास्तीच्या पर्यायांत वेळ टाकून जायची सोय आहे, तीच वापरा. ठाणे-वाशी गाडीत उभ्याने ऐकणार असाल तर घरीच फाइल एम4ए करून फोनमध्ये टाका आणि कॉम्प्युटरवरही आधी व्हीएलसीच घ्या, फूबार नंतर कधीही टाकता येईल.